एका दिवसात जुन्नर ‘करता’ येते का? कोकणातून वर आलेल्या वाटांवरच्या तीन सहली

शनिवारी रात्री घरच्या ग्रुपवर मेसेज पडतो : ‘उद्या जुन्नर करू या. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट आणि जमलेच तर येताना भीमाशंकर.’ खाली पटापट अंगठे पडतात. कुणीतरी विचारते, आजींना चढवेल का? त्याला उत्तर येत नाही.

रविवारी काय होते, ते यातून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चाकणच्या कोंडीत तास जातो. शिवनेरीवर शिवजन्मस्थानापाशी फोटो काढून मंडळी धावत खाली उतरतात. लेण्याद्रीच्या पायथ्याशी ऊन डोक्यावर येते. नाणेघाटात पोहोचेपर्यंत अंधारते आणि भीमाशंकर ‘पुढच्या वेळी’वर जाते. मी स्वतः एकदा पाच ठिकाणांची यादी घेऊन निघालो होतो. नाणेघाटाच्या गुहेत शिरलो तेव्हा हातात मोबाइलची बॅटरी होती, आणि ज्या भिंतीसाठी इतका लांब आलो तिच्यावरचे एक अक्षरही दिसले नाही.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे दोन तालुके. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत शिवनेरी आहे. त्यामुळे शनिवार-रविवारची गर्दी आता कमी होणार नाही. प्रश्न एवढाच, की एका दिवसात काय पाहायचे आणि काय सोडायचे?

यादी कशावरून ठरवायची?

अंतरावरून ठरवली तर नकाशा फसवतो. जुन्नर शहरापासून नाणेघाट साधारण ३० ते ३५ किलोमीटर, भीमाशंकर ६० किलोमीटरच्या वर. आकडे लहान दिसतात, पण रस्ता वळणांचा, गावांतून जाणारा आणि पावसाळ्यात धुक्याचा आहे.

त्यापेक्षा वाटेवरून ठरवा. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कड्यावर टेकलेले आहेत. कड्याखाली कोकण, त्यापलीकडे समुद्र. जुन्नरला लेणी का कोरली गेली, शिवनेरीला महत्त्व का आले, भीमाशंकरच्या देवळासमोर परदेशी घंटा का टांगली आहे, या सगळ्याचा धागा खाली कोकणात पोहोचतो. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल घाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठण, तेरकडे जायचा. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. ही वाट डोळ्यांसमोर ठेवली की तीन स्वतंत्र दिवस आपोआप पडतात. त्यांतला एक निवडा.

पहिला दिवस : नाणेघाट. पण धबधब्याच्या आधी गुहा

पावसाळ्यात खालून येणारा वारा धबधब्याचे पाणी उलटे वर उडवतो. त्याचे व्हिडिओ पाहून आता बहुतेक लोक येथे येतात. त्यात गैर काही नाही, दृश्य खरेच विलक्षण असते. पण कड्यावरून दगडी वाटेने जरा खाली उतरले की डाव्या-उजव्या बाजूला पाहत राहा. तिथे कातळात खोदलेली एक साधी, चौकोनी गुहा लागते. पावसातून पळत आलेली माणसे तिच्यात भिजलेले रेनकोट झटकतात, चिवडा खातात आणि निघून जातात. महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या भिंतींपैकी दोन या गुहेत आहेत.

डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेच्या काळातला, साधारण इसवी सन पूर्व पहिल्या शतकातला मानला जातो. तिचा पती सातकर्णी. त्यांनी केलेले अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणांची यादी त्यात आहे : गायी, घोडे, हत्ती, गावे, कार्षापण नाणी. यादी असल्यामुळे आकडे आहेत, आणि भारतीय अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत हे आकडे मोजले जातात. आज आपण मोबाइलवर जो नंबर दाबतो, त्याच्या खापरपणज्यांपैकी काही या दगडावर आहेत.

मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सातवाहन वंशाचा सिमुक, देवी नायनिका आणि श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिर, कुमार. वर नावे कोरलेली आहेत, खाली फक्त पावलांच्या खुणा उरल्या आहेत. १८२८ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचे वाचन केले. याच भगवानलालांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला. म्हणजे वाटेची दोन्ही टोके एकाच माणसाने जगापुढे आणली. मुंबईकरांनी एखादी मोकळी सकाळ काढून आधी नालासोपाऱ्याचा स्तूप पाहिला, तर नाणेघाट जास्त कळेल.

घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून जकात म्हणून घेतलेली नाणी त्यात टाकत, असे परंपरेने सांगितले जाते. घाटाच्या नावाचा संबंधही काही जण या नाण्यांशी जोडतात, तर गावात नाना आणि गुणा या दोघांची गोष्ट ऐकायला मिळते. घाटघर गावात चहा घेताना विचारा, सांगणारा भेटतोच.

वेळेचे गणित असे. पुण्यातून सकाळी साडेपाच-सहाला निघा. नारायणगावला नाश्ता, साडेआठपर्यंत जुन्नर, तिथून आपटाळेमार्गे पावणेदहा-दहाला नाणेघाट. गुहा, घाटातली फरसबंदी, वाटेवरची पाण्याची टाकी आणि कड्यावरचा ‘नानाचा अंगठा’ यांना दोन तास हवेत. परतताना पूर गावचे कुकडेश्वर मंदिर वाटेतच आहे. कुकडी नदीचा उगम इथला. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमाशी बांधलेल्या बारा शिवमंदिरांपैकी हे एक, असे मानतात. शिलाहारांची ती शाखा उत्तर कोकणावर राज्य करणारी, म्हणजे इथेही वाट खालूनच वर आली. मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरचे कोरीव काम घाईत सुटते, म्हणून एक प्रदक्षिणा सावकाश घाला.

हिवाळा असेल आणि सोबत धडधाकट माणसे असतील तर दुपारी चावंड चढता येतो. पायथ्यापासून पाऊण ते एक तास. इंग्रजांनी १८१८ नंतर फोडलेल्या पायऱ्यांच्या जागी आता आधाराला रेलिंग आहे. वर ‘सप्तमातृका’ नावाची सात टाकी आहेत. समोर दिसणारा जीवधन मात्र घरच्या सहलीत घेऊ नका. त्याच्या वाटेवर कातळटप्पा आहे, तिथे अनुभवी सोबती लागतो.

मुंबई, कल्याण, बदलापूरकडच्या वाचकांना आणखी एक पर्याय आहे आणि माझ्या मते तोच खरा. कल्याणहून मुरबाड, टोकावडेमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी धरा आणि वैशाखरे गावच्या पुढे नाणेघाटाच्या वाटेशी उतरा. तिथून जुन्या व्यापारी वाटेने चढायला दोन-तीन तास लागतात. सातवाहनांच्या बैलांनी, व्यापाऱ्यांनी ज्या बाजूने घाट पाहिला, त्याच बाजूने तो तुम्हाला दिसतो. पहाटेची गाडी मिळाली तर दुपारी उतरून संध्याकाळी घरी पोहोचता येते.

दुसरा दिवस : शिवनेरी आणि लेण्याद्री. तिसरे काही नको

शिवनेरीला पुरेसा वेळ म्हणजे किमान तीन तास. पायऱ्यांच्या वाटेने एकामागून एक सात दरवाजे ओलांडत वर जाताना किल्ला का अजिंक्य मानला गेला, ते पाय दुखू लागल्यावर जास्त पटते. शिवाई देवीचे मंदिर, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय जन्मले ती इमारत, बदामी तलाव आणि कडेलोटाचे टोक. वाटेत एक चौथरा आहे, ‘कोळी चौथरा’. सतराव्या शतकात मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांच्या हत्याकांडाची ही जागा. बहुतेक गाइड तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबा.

शिवनेरीबद्दल एक गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. जिथे जन्म झाला तो किल्ला महाराजांना हयातीत कधीच घेता आला नाही. १६५७ मध्ये त्यांनी जुन्नरची मोगल पेठ लुटली, पण किल्ला मोगलांकडेच राहिला. तो मराठ्यांकडे आला शाहू महाराजांच्या काळात. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मुंबईहून घाट चढून जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे औषधोपचारासाठी आला होता. येताना त्याला भलत्याच कठीण वाटेने आणले, परतताना मात्र तो नाणेघाटाने उतरला. शिवनेरीवर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढा धान्यसाठा आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे. अंबरखान्यापुढे उभे राहून हा आकडा आठवा.

दुपारी जेवण जुन्नरात. मासवडी आणि बाजरीची भाकरी मिळाली तर पनीरच्या मागे लागू नका. मग लेण्याद्री, शहरापासून पाचेक किलोमीटर.

येथे बहुतेक जण अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाच्या दर्शनाला येतात. सुमारे तीनशे पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवून घ्या. लेणी पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात असल्याने तिकीट लागते. माकडे आहेत, तेव्हा हातात पिशवी दिसू देऊ नका. मंदिर आहे ते सातवे लेणे, म्हणजे खांबांशिवाय कोरलेले भव्य दालन. दर्शन झाले की बहुतेक गर्दी तिथूनच परत फिरते. शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. त्याच्यावरचा छोटा लेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले. हेरणिक म्हणजे सोनार किंवा सराफ. खाडीकाठच्या शहरातल्या सराफाचा मुलगा घाट चढून येतो आणि येथे दगडात दान करतो. नाणेघाटाची वाट कशासाठी होती, हे समजायला याहून सोपा पुरावा नाही.

लेखांमध्ये ‘यवन’ही भेटतात. त्या काळी पश्चिमेकडून आलेल्या परकीयांना, मुख्यतः ग्रीकांना, हा शब्द होता. जुन्नरच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर मानमोडी डोंगरावर चंद नावाच्या यवनाने लेण्याचा दर्शनी भाग कोरून दिला. त्याच मानमोडीवर महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचाही लेख आहे, वर्ष ४६ असे सांगणारा. सातवाहनांच्या वाटेवर त्यांच्या शत्रूचा मंत्री दान देतो, म्हणजे मधल्या काळात हा प्रदेश कुणाच्या हाती होता ते उघड आहे.

जुन्नरभोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी अशा समूहांत मिळून दोनशेच्या वर खोदकामे आहेत. एका शहराभोवती इतकी लेणी देशात क्वचितच असतील. सगळी एका दिवसात पाहायचा हट्ट नको. वेळ उरलाच तर पाडळीजवळचे तुळजा लेणे निवडा. तिथले चैत्यगृह गोल आहे, मध्ये स्तूप आणि भोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमट. असे दुसरे सहज पाहायला मिळत नाही. ओझरचा विघ्नेश्वर मनात असेल तर तो नारायणगावकडे परतताना संध्याकाळी घेता येतो. जुन्नरच्या पूर्वेला हापूसबागेत असलेला हबशी गुमटही तसाच. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभारली तेव्हा राजधानी जुन्नरला होती, हे त्या घुमटाखाली उभे राहिल्यावर लक्षात येते.

तिसरा दिवस : आंबेगावमार्गे भीमाशंकर

हा दिवस वेगळा ठेवा. मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर असा रस्ता आहे. मंचरपासून साठेक किलोमीटर, पण दोन तास धरा. डिंभे धरणाच्या जलाशयाला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे होऊन प्राण देणारे बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. जुने आंबेगाव या पाण्याखाली गेले. तालुक्याला ज्याचे नाव, ते गाव आता पाण्याखाली आहे.

भीमाशंकरला दोनशेहून अधिक पायऱ्या उतरून मंदिरात जायचे असते, आणि येताना त्याच चढायच्या असतात. ज्येष्ठांसोबत जाताना हा हिशेब उलटा करा. शिखराचे काम नाना फडणवीसांच्या काळातले. पण मंदिरासमोरची मोठी घंटा नीट पाहा. ती पोर्तुगीज आहे, तिच्यावर ख्रिस्ती खुणा आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांना अर्पण केल्या. नाशिकची नारोशंकराची घंटाही त्यांतलीच. समुद्रकाठच्या किल्ल्यातली घंटा साडेतीन हजार फूट उंचीवरच्या जंगलात कशी आली, हे सोबतच्या मुलांना आधी विचारा आणि मग सांगा.

अभयारण्यात शेकरू दिसण्याची संधी सकाळी जास्त. म्हणून दर्शनाची रांग मोठी असेल तर आधी जंगलाची वाट धरा. कर्जतच्या खांडसहून चढणाऱ्यांनी गणेश घाटाने यावे. शिडी घाट जवळचा असला तरी पावसात जिवावर बेततो. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला खासगी गाड्या अलीकडेच थांबवून एसटीने पुढे नेतात, म्हणून त्या दिवशी सहल आखूच नका. मंदिर परिसरात कामे सुरू असली तर दर्शनाच्या वेळा बदलतात. निघण्याच्या आदल्या दिवशी खात्री करून घ्या.

पावसाळ्यात जावे का?

जावे, पण आदेश आणि आभाळ पाहून. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. ते गाव डिंभ्याच्या वरच्या अंगाला आहे. पर्यटक जे हिरवे डोंगर पाहायला येतात, त्यांच्याच पायथ्याला लोक पावसाळाभर जीव मुठीत धरून राहतात. माळीणचे स्मारक वाटेत लागले तर उतरा, पण रील बनवू नका. माळशेज घाटातही दरडी पडतात. अतिवृष्टीचा इशारा असला की जिल्हा प्रशासन धबधबे, कडे, धरणे यांच्या परिसरात मनाई आदेश काढते. पोलीस गाडी परत फिरवतात तेव्हा वाद घालण्यात दिवस जातो, त्यामुळे सकाळीच बातम्या पाहा.

नाणेघाटाच्या कड्यावर धुके आले की दरीची कड दिसेनाशी होते आणि वारा माणसाला ढकलतो. कठडा नसलेल्या जागी मुलांचा हात सोडू नका.

सर्वांत सोपा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही १९ फेब्रुवारीच्या आसपास आणि तिथीप्रमाणे होणाऱ्या शिवजयंतीला शिवनेरीवर मुंगीला वाट नसते. उत्सवासाठीच जायचे असेल तर अवश्य जा, किल्ला पाहायला मात्र दुसरा दिवस काढा. मार्चनंतर ऊन तापते आणि कड्यांवरची आग्या मोहोळे हा खरा धोका असतो. शिवनेरीवर मधमाश्यांनी पर्यटकांवर हल्ले केल्याच्या घटना घडल्या आहेत. भडक अत्तर, धूर, फटाके, ड्रोन आणि दगड मारणे टाळा. माश्या उठल्याच तर डोके-तोंड झाकून मोहोळापासून लांब जा, हात झाडू नका.

आणखी काय लक्षात ठेवायचे?

घाटघर, आहुपे, तळेघर या पट्ट्यात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच डाउनलोड करा, खिशात रोख ठेवा. ‘स्कॅन करतो’ म्हणून चहा पिऊन बसलेल्या चार जणांची फजिती मी पाहिली आहे. पेट्रोल जुन्नर किंवा घोडेगावलाच भरा. पुण्याहून वाकडेवाडीच्या स्थानकातून जुन्नर आणि भीमाशंकरला एसटी आहेत, पण जुन्नरहून नाणेघाटाकडच्या फेऱ्या मोजक्या असतात. परतीची शेवटची गाडी कंडक्टरला उतरतानाच विचारा.

दोन्ही तालुक्यांत बिबट्यांचा वावर मोठा आहे. ऊस, द्राक्षे आणि पाटाचे पाणी यांमुळे ते शेतातच राहतात. संध्याकाळी उसाच्या कडेला गाडी थांबवून मुलांना उतरवू नका, दुचाकीवर असाल तर अंधारापूर्वी मोठ्या रस्त्याला लागा.

आणि लेण्यांच्या भिंतींना हात लावू नका. नाणेघाटाच्या लेखाशेजारी खडूने, खिळ्याने लिहिलेली नावे आता अक्षरांपर्यंत सरकत आली आहेत. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, पण तिथे पाहायला रोज कुणी बसलेले नसते. एखादा मुलगा खिळा हातात घेताना दिसला तर त्याला तिथेच राणीची गोष्ट सांगा. मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका काकूंनी तेच केले. तो मुलगा नंतर पाऊण तास भिंतीवरचे आकडे शोधत बसला होता, त्याच्या आईवडिलांना चावंड सोडून द्यावा लागला.